श्वास त्यांचाच, मशीनचा फक्त हात: व्हेंटिलेटरवरचा 'प्रेशर सपोर्ट'

"काय ओ सिस्टर, श्वास बाबा घ्यायलेत का मशीन घ्यायलंय?"

रात्री अकराच्या सुमारास आयसीयूच्या दाराशी एका मुलाने मला हे विचारलं. सोलापूरच्या पूर्वभागातला, यंत्रमागावर काम करणारा पोरगा. शर्टाच्या बाहीवर सुताची तुसं अजून चिकटलेली होती. संध्याकाळी डॉक्टर त्याला सांगून गेले होते, "पेशंटला आता सपोर्ट मोडवर घेतलंय." त्यातला 'सपोर्ट' एवढा एकच शब्द त्याच्या डोक्यात राहिला, त्याला सिनेमातला 'लाइफ सपोर्ट' जोडला गेला, आणि त्याने अक्कलकोटच्या आत्याला, पुण्याच्या भावाला फोन करून रात्रीतून निघा म्हणून सांगितलं. खरं तर त्या दिवशीची बातमी चांगली होती. चार दिवस मशीन त्याच्या वडिलांसाठी श्वास घेत होतं, आणि त्या संध्याकाळपासून वडील स्वतः श्वास घ्यायला लागले होते.

मी गेली सोळा वर्षं सोलापुरात आयसीयूत नर्स आहे. इथे शहरातले तर येतातच, पण धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहूनही पेशंट येतात. नातेवाईक बाकावर रात्र काढतात आणि काचेतून दिसणाऱ्या पडद्यावरचे आकडे वाचत बसतात. त्या आकड्यांचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगत नाही, आणि सांगायला वेळही नसतो हेही खरं. म्हणून त्या मुलाला औषधाच्या बिलाच्या मागे पेनाने काढून जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी साधा श्वास बघू. छाती आणि पोटाच्या मधे घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. श्वास घेताना तो आकसून खाली सरकतो, बरगड्या वर आणि बाहेर येतात, छातीतली जागा वाढते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा कमी होतो. लोहाराचा भाता उघडल्यावर होते तशी हवा आत ओढली जाते. श्वास सोडताना काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल पडतो, फुप्फुसं आपल्या लवचिकपणाने आक्रसतात, हवा बाहेर. मिनिटाला १२ ते २० वेळा, दर वेळी साधारण अर्धा लिटर. निरोगी माणसाच्या शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी पाच टक्केसुद्धा या कामावर खर्च होत नाही. न्यूमोनिया किंवा जुन्या दम्याने बेजार झालेल्या माणसात हाच खर्च वीस टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. सारी कमाई भाड्यातच जावी, तशी त्याच्या शरीराची अवस्था होते. माणूस दमतो म्हणजे शब्दशः श्वास घेऊन घेऊन दमतो.

आपण हवा ओढतो आणि व्हेंटिलेटर हवा ढकलतो, हा मूळ फरक. आधीची मशीन ओढणारीच होती. १९२८ साली अमेरिकेत आलेल्या 'आयर्न लंग'मध्ये मानेखालचं सगळं शरीर लोखंडी पिंपात ठेवायचे आणि पिंपातली हवा काढून छाती फुगवायचे. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास आणि घसा लुळा पडलेल्या सुरुवातीच्या ३१ पेशंटपैकी २७ जण त्या जुन्या पद्धतीच्या मशीनवर असूनही दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने वेगळी वाट काढली: गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची. मशीन नव्हती, म्हणून वैद्यकीय शाळेचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात त्या पिशवीपासून झाली.

तशीच पिशवी आम्ही आजही वापरतो, तिला अँबू बॅग म्हणतात. पेशंटला वॉर्डातून सीटी स्कॅनला नेताना स्ट्रेचरच्या बाजूने चालत मी ती हजारो वेळा दाबली आहे. पेशंट पूर्ण बेशुद्ध असेल तर मनात मोजून दाबायची. पण पेशंट स्वतः श्वास घेऊ बघत असेल तर हाताला कळतं. पिशवी एकदम हलकी होते, आतून कोणी ओढल्यासारखी. नेमक्या त्याच क्षणी दाबलं की पेशंटचा चेहरा शांत राहतो. अर्धा सेकंद उशीर झाला की तो खोकतो, मान हलवतो, डोळे मोठे करतो. हाताला कळणारी ही गोष्ट मशीनला शिकवली, तोच प्रेशर सपोर्ट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्हेंटिलेटरमध्ये ही सोय येऊ लागली, आणि आज शुद्धीवर येत असलेले बहुतेक पेशंट याच मोडवर असतात.

त्या मुलाला मात्र मी पिशवीचं सांगितलं नाही. त्याने रोज बघितलेलं सांगितलं.

चादरींचे गठ्ठे लादलेली हातगाडी चढाला लागलीय. पुढे एक माणूस ओढतोय, मागे एक पोरगं ढकलायला. शहाणं पोरगं काय करतं? मालक जोर लावतो आणि गाडी जराशी हलते, तेव्हाच ते ढकलायला लागतं. आधीच ढकललं तर दांडी मालकाच्या पाठीत बसेल. जोर लावायला लागलं की तेवढाच धरून ठेवतं. आणि मालकाची ओढ सैल पडतेय असं वाटलं की हात काढून घेतं. कधी ओढायचं, किती भरभर ओढायचं, कुठे थांबायचं, हे पुढचा माणूस ठरवतो. मागच्याने ठरवायची गोष्ट एकच: जोर किती.

"म्हणजे बाबा पुढं आहेत," तो म्हणाला. होय, एवढंच.

आता जोर मोजायचा कसा? पडद्यावर 'पीएस १२' असं काहीतरी दिसतं. पीएस म्हणजे प्रेशर सपोर्ट. हे १२ म्हणजे १२ सेंटिमीटर पाण्याचा दाब. उंच पेल्यात १० सेंटिमीटर पाणी भरा, शहाळ्याची नळी तळाला टेकवा आणि बुडबुडा निघेपर्यंत फुंका. तेवढा जोर म्हणजे १०. ऐकायला किरकोळ वाटतो, आणि आहेही. १२० चं ब्लडप्रेशर याच मापात सांगायचं तर १६० च्या वर जाईल. फुप्फुसं इतकी नाजूक असतात की एवढ्याशा दाबावर फुगतात, आणि म्हणूनच दाब भलता वाढू देत नाहीत.

पीएसच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, 'पीप'. तो बहुतेक वेळा ५ किंवा त्याहून थोडा जास्त. श्वास सोडून झाल्यावरही नळीत हा दाब कायम ठेवतात, म्हणजे फुप्फुसातले बारीक फुगे पूर्ण मिटून एकमेकांना चिकटत नाहीत. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात आणि अर्धवट फुगलेला सहज फुगतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पीपवर पीएसची भर पडते. पीप ५ आणि पीएस १२ असेल तर श्वास घेताना दाब १७ पर्यंत चढतो आणि सोडताना परत ५ वर येतो. नळीतल्या हवेत ऑक्सिजन किती टक्के, हा तिसरा आकडा. त्याचा या जोराशी संबंध नाही. "सपोर्ट बारावर आला म्हणजे ऑक्सिजन बारा टक्के झाला का?" असं मला किती जणांनी विचारलं आहे. साध्या हवेतच ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्याच्या खाली मशीन जात नाही.

आता एक श्वास हळूहळू बघू. साऱ्या गोष्टी जेमतेम एका सेकंदात होतात.

पेशंटचं श्वासपटल आकसतं. नळीतून सतत वाहणाऱ्या हवेतली थोडी हवा आत जाते. मिनिटाला दोन लिटर या वेगाची एवढीशी ओढ मशीनला पुरते. याला ट्रिगर म्हणतात. ओढ जाणवल्यापासून साधारण एक दशांश सेकंदात मशीन दाब चढवायला लागतं. दाब किती झपाट्याने चढवायचा तेही ठरवता येतं. धाप लागलेल्या माणसाला हवा पटकन हवी असते, हळू मिळाली तर त्याला गुदमरल्यासारखं होतं; फार जोरात आली तर तो दचकतो. मग ठरवलेला दाब मशीन धरून ठेवतं. पेशंटने जास्त ओढलं तर जास्त हवा येते, कमी ओढलं तर कमी. दाब मात्र तेवढाच.

सर्वात सुंदर भाग शेवटी आहे, आणि तो मला कळायला बरीच वर्षं लागली. श्वास थांबवायचा कधी, हे मशीनला कसं कळतं? घड्याळ लावलेलं नाही, लिटर मोजून बंद करायचं ठरलेलं नाही. ते हवेच्या वेगाकडे बघतं. श्वासाच्या सुरुवातीला हवा धो धो आत शिरते, समजा मिनिटाला ६० लिटरच्या वेगाने. फुप्फुस भरत येतं तसा हा वेग मंदावतो. घागर नळाखाली भरत आली की आवाज बदलतो, तसं. वेग सुरुवातीच्या पाव भागावर, म्हणजे १५ लिटरवर आला की मशीन समजतं की याला आता पुरे झालंय, आणि दाब सोडून देतं. हा पंचवीस टक्क्यांचा आकडा गरजेप्रमाणे कमीजास्त करतात. जुना दमा असलेल्यांना श्वास सोडायला जास्त वेळ लागतो, त्यांच्यासाठी तो ४० किंवा ५० करतात, म्हणजे मशीन लवकर हात काढून घेतं.

या मोडमध्ये किती हवा जाईल याची हमी मशीन देत नाही. ती पेशंटच्या ओढीवर, फुप्फुसाच्या मऊपणावर आणि नळीच्या मोकळेपणावर ठरते. म्हणून आम्ही दर श्वासाचे मिलिलिटर बघत राहतो. किती असावेत याचा हिशेब वजनावर नसून उंचीवर असतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबी वजन साधारण साडेएकसष्ट किलो धरतात, आणि किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर म्हणजे दर श्वासाला अंदाजे ३७० ते ४९०. भरती करताना आम्ही उंची विचारतो तेव्हा अनेकांना वाटतं की फॉर्म भरायचा म्हणून विचारतात. ती माहिती इथे कामाला येते.

आणि पेशंटने श्वासच घेतला नाही तर? गाडीवाला थांबला तर मागचं पोरगंही थांबणार. यासाठी मशीनमध्ये राखीव सोय असते. बहुधा २० सेकंद श्वास आला नाही की अलार्म वाजतो आणि मशीन स्वतः श्वास द्यायला लागतं. पेशंट गाढ भुलीत असेल, मेंदूला मोठी इजा असेल, तर मुळात हा मोड लावतच नाहीत.

मग सरळ प्रश्न येतो, आणि तो नातेवाईक चिडून विचारतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही: मशीन आहे ना, मग माझ्या आईला कशाला कष्ट देता? पूर्ण आराम का नाही देत?

कारण श्वासपटल हा स्नायू आहे, आणि बिनकामाचा स्नायू वाळतो. प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक झालेला असतो ते सगळ्यांनी पाहिलंय. श्वासपटल त्याहून खूप लवकर वाळतं. २००८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदू मृत झालेल्या १४ अवयवदात्यांचं श्वासपटल १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहिलं होतं, कारण सगळा श्वास मशीन देत होतं. त्यांच्या श्वासपटलाचे तंतू इतरांच्या तुलनेत निम्म्याहून बारीक झाले होते. जास्तीत जास्त तीन दिवसांत. म्हणून सुरुवातीचं संकट ओसरलं, पेशंटचं ब्लडप्रेशर स्थिरावलं, तो डोळे उघडायला लागला की डॉक्टर त्याला शक्य तितक्या लवकर स्वतःच्या श्वासावर आणतात. उलट बाजूही खरी आहे: जोर फार कमी दिला तर दमलेला स्नायू आणखी दमतो. दोन्हीकडे खड्डा, मधून वाट.

ती वाट पडद्यावर दिसत नाही, पेशंटवर दिसते. मी आधी मान बघते. मानेचे दोन्ही बाजूंचे स्नायू दर श्वासाला दोरीसारखे ताणले जात असतील, नाकपुड्या फुलत असतील, गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात असेल, कपाळावर घाम असेल, श्वास मिनिटाला तीस-पस्तीसच्या वर असतील, तर जोर कमी पडतोय. मग पोट बघते. श्वास घेताना पोट वर यायला हवं. ते आत जात असेल तर श्वासपटल थकलंय.

जोर जास्त होण्याचा प्रकार मात्र फसवा असतो. एक प्रसंग सांगते. एक आजोबा होते, उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात जॉबर म्हणून गेलेली, बिडीचीही तितकीच वर्षं. फुप्फुसं ढिली पडलेली, आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ लागायचा. त्यांचा सपोर्ट १८ वर होता. पडद्यावर श्वास १६, दर श्वासाला साडेपाचशेच्या वर हवा, ऑक्सिजन उत्तम. कागदावर सगळं छान. पण ते कपाळाला आठ्या घालून पडले होते आणि बोटांनी चादर चुरगाळत होते. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजलं. हाताखाली पोट २७ वेळा उचललं गेलं. मशीनने सोळाच मोजले होते. म्हणजे अकरा वेळा त्या माणसाने श्वास मागितला होता आणि मशीनला त्याचा पत्ताच नव्हता.

असं का झालं? मोठा दाब, मोठा श्वास, आणि तो पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढच्या श्वासाची वेळ. दर वेळी थोडी हवा आतच अडकायची. भाता आधीच अर्धा फुगलेला असला की तो आणखी उघडायला आधी तो अडकलेला दाब मोडावा लागतो, आणि त्यानंतरची ओढ तेवढी मशीनपर्यंत पोचते. आजोबांची निम्मी ताकद त्या अडकलेल्या हवेशी झटण्यात जात होती. ग्राफवर नीट बघितलं तर श्वास सोडतानाच्या रेघेत लहान लहान खाचा दिसत होत्या; त्या म्हणजे हुकलेले श्वास. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सपोर्ट टप्प्याटप्प्याने १८ वरून १२ वर आणला आणि हात काढून घ्यायची वेळ पंचवीसवरून चाळीस टक्क्यांवर नेली. अर्ध्या तासात पडद्यावर श्वास २४ झाले आणि हाताखालीही २४. आठ्या गेल्या. बाहेर त्यांची मुलगी मात्र घाबरली होती: "सोळा होते ते चोवीस झालेत की ओ, वाढलं काय?" तिला आत बोलावलं, तिचा हात वडिलांच्या पोटावर ठेवला आणि पडद्याकडे बघत मोजायला सांगितलं. त्याच क्षणी तिला समजलं. मला शब्दांत एवढं सांगता आलं नसतं.

याच्या उलट, मागितलेले नसताना दिले जाणारेही श्वास असतात. उन्हाळ्यात बाहेर ४३ अंश आणि आत एसी, अशा वेळी नळीत वाफेचं पाणी धरतं. नळी मधेच लोंबली की पाणी तिथे साचतं आणि हवेबरोबर हिंदकळतं. मशीनला तो हिंदकळा पेशंटची ओढ वाटतो. पडद्यावर श्वास ३८, पेशंट मात्र निवांत झोपलेला. नळीतलं पाणी काढून टाकलं की आकडा विसावर. तिसरा प्रकार गळतीचा. घशातल्या नळीभोवतीचा छोटा फुगा सैल झाला की हवा निसटत राहते, वेग पाव भागापर्यंत उतरतच नाही, आणि मशीनला वाटतं पेशंट अजून श्वास घेतोच आहे. मग तो बिचारा सोडू बघतो आणि मशीन ढकलतच राहतं. अशा वेळी फुगा तपासतो, वेळेची मर्यादा घालतो. बाहेरच्यांना सतत वाजणारे अलार्म ऐकून भीती वाटते, पण बरेचसे अलार्म असल्या गोष्टींचे असतात: कफ साचला, नळी दुमडली, पेशंट खोकला.

मशीनवरून सुटका कशी होते ते आता सांगते. त्याला आम्ही विनिंग म्हणतो, आईच्या दुधावरून बाळाला तोडताना वापरतात तोच इंग्रजी शब्द. सपोर्ट १४, १२, १०, ८ असा उतरवत नेतात. घशातली नळीच मोठ्या माणसात सात-आठ मिलिमीटर व्यासाची, आपल्या श्वासनळीच्या निम्म्याहून कमी. बारीक नळीतून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो, आणि व्यास निम्मा झाला की हा अडथळा कैक पटींनी वाढतो. म्हणून ५ ते ८ एवढा सपोर्ट हा बहुतांशी त्या नळीचाच कर चुकवतो असं धरतात. तेवढ्यावर अर्धा ते दोन तास पेशंटला ठेवून परीक्षा घेतात. काही ठिकाणी मशीनच बाजूला काढून नुसत्या ऑक्सिजनच्या टी-पीसवर, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराच्या नळीवर, ठेवतात. १९९४ आणि १९९५ साली युरोपात दोन मोठे अभ्यास झाले. एकात हळूहळू सपोर्ट उतरवण्याची पद्धत सरस ठरली, दुसऱ्यात रोज एकदा थेट परीक्षा घेण्याची. मग २०१९ मध्ये स्पेनमध्ये १,१५३ पेशंटवर तुलना झाली: ८ च्या सपोर्टवर अर्धा तास, की टी-पीसवर दोन तास? पहिल्या गटात ८२ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांची नळी यशस्वीपणे निघाली, दुसऱ्यात ७४ टक्के. मला स्वतःला यातून एवढं पटलं की परीक्षा कठीण घेतल्याने पेशंट मजबूत होत नाही. दोन तास दमवलेला माणूस नळी काढायच्या वेळेलाच थकलेला असतो.

परीक्षेच्या वेळी एक साधा भागाकार करतात, १९९१ पासून चालत आलेला. मिनिटाचे श्वास भागिले दर श्वासाचे लिटर. श्वास २४ आणि हवा ०.४ लिटर, तर उत्तर ६०. श्वास ३६ आणि हवा पाव लिटर, तर १४४. १०५ च्या वर गेलं तर श्वास भरभर आणि उथळ, म्हणजे अजून तयारी नाही. हा आकडा मुळात सपोर्ट नसताना मोजायचा आहे. सपोर्ट चालू ठेवून मोजला तर तो खऱ्यापेक्षा बरा दिसतो. आणि नुसत्या आकड्यावर नळी निघत नाही. खोकण्याची ताकद आहे का, कफ किती, हाक मारल्यावर बघतो का, हेही पाहतात. सगळं जुळूनही शंभरातल्या दहा-पंधरा जणांना पहिल्या दोन-तीन दिवसांत परत नळी घालावी लागते. त्यात कोणाची चूक असतेच असं नाही. हे आधी सांगून ठेवलेलं असलं की नातेवाईकांचा धीर सुटत नाही.

रात्री सपोर्ट दोन-चार आकड्यांनी वाढवलेला दिसला तर घाबरू नका. दिवसभर स्वतः ओढून दमलेल्या माणसाला रात्री झोप मिळावी म्हणून तसं बऱ्याचदा करतात. आणि 'सपोर्ट कमी केला' म्हणजे उपचार कमी केले, आशा सोडली असा अर्थ अजिबात नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिलाय, आणि त्यापायी बाकावर रडणारी माणसं पाहिलीत, की आता मी ते वाक्य तसं बोलतच नाही. "आता बाबा जास्त काम करतायत, मशीन कमी," असं सांगते.

भेटायला आलात की त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. पूर्वभागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी आज्या घाबरल्या की मराठी विसरतात. मी तेलुगू नीट बोलत नाही, पण "ऊपिरि" म्हणजे श्वास एवढं शिकून घेतलंय, कन्नडमधला "उसिरु" पण. सुनेने कानाशी येऊन "ऊपिरि पील्चु" म्हटलं की आजीचा श्वास लांब होतो, ते ग्राफवर सरळ दिसतं: रेघ रुंद होते, आकडा तिशीतून विशीत येतो. चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या. नळीमुळे आवाज निघत नाही, म्हणून पाटी-पेन्सिल किंवा वही द्या. हात लावण्याआधी सांगा. आणि "बरं वाटतंय का, बरं वाटतंय का" असं सारखं मान डोलवायला लावू नका. त्याचे कष्ट होतात.

नळी निघाल्यावर आवाज घोगरा येतो, एक-दोन दिवसांत सुधारतो. लगेच पाणी मागतात. गिळता येतंय का ते तपासल्याशिवाय घोटभरही देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. जुन्या दम्याच्या पेशंटला नळी काढल्यावर बऱ्याचदा मास्क लावून बायपॅप देतात, काहींना घरीही नेतात. ते यंत्र वेगळं वाटलं तरी तत्त्व हेच. फक्त आकडे लिहायची रीत निराळी: त्यावर वरचा दाब आणि खालचा दाब असे दोन आकडे असतात. खालचा म्हणजे पीप. वरच्यातून खालचा वजा केला की जे उरतं, तो सपोर्ट. वरचा १४, खालचा ६, तर सपोर्ट ८. गळती होऊ नये म्हणून मास्क घट्ट आवळतात आणि नाकाच्या हाडावर जखम होते. पट्टीखाली दोन बोटं जातील इतपतच आवळा.

त्या मुलाचे वडील सहाव्या दिवशी नळीतून सुटले. रात्री त्यांना बायपॅपचा मास्क लावला तेव्हा तो दारात उभा होता, आत्या शेजारी. यंत्रावर १२ आणि ५ दिसत होतं. त्याने जरा वेळ बघितलं, मग आत्याकडे वळून तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि मला मराठीत विचारलं, "सातच ना ओ सिस्टर?"

"सातच," मी म्हटलं, आणि मास्कची पट्टी जराशी सैल केली.